डब्यावरचे लिटर आणि बादलीतले लिटर

पार्ल्यातल्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत चार फुटांचा फिश टँक आहे आणि त्याच्या खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. टँकमधले पाणी ओव्हरफ्लोतून खाली उतरते, सम्पमध्ये गाळले जाते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. हा पंप वर्षाचे ८,७६० तास चालतो. घरातला फ्रिजही कायम चालू असतो खरा, पण त्याचा कॉम्प्रेसर अधूनमधून विसावा घेतो. पंपाला तेवढीही उसंत नसते. असे असूनही फ्रिज घेताना आम्ही त्यावरचे तारे मोजले होते आणि पंप घेताना मी फक्त डब्यावरचा आकडा पाहिला होता : ताशी ३,५०० लिटर. दुकानदाराने सांगितले, "साहेब, मोठाच घ्या, पुढे टँक वाढवलात तरी चालेल," आणि मला ते पटले. मुंबईच्या फ्लॅटमध्ये टँक कुठल्या दिशेने वाढणार होता, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही.

दोन वर्षांनी सहज म्हणून प्लगमध्ये लावायचे वॅट मोजणारे मीटर आणले. पंपावर ५५ वॅट छापलेले होते, मीटरने ५८ दाखवले. म्हणजे वर्षाला सुमारे ५०८ युनिट. मग रिटर्नच्या तोंडाला नळी जोडून वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजले. ४४ सेकंद लागले, म्हणजे ताशी जेमतेम १,६३६ लिटर. डब्यावरच्या आकड्याच्या निम्मेसुद्धा नाही.

यात कंपनीने फसवले असे म्हणता येत नाही. डब्यावरचा मोठा आकडा असतो तो पंपाला पाणी अजिबात वर चढवावे लागत नाही तेव्हाचा, आणि त्याच्या शेजारी लिहिलेली कमाल उंची, ज्याला हेड म्हणतात, ती असते पाणी वाहायचे थांबते तेव्हाची. प्रत्यक्षातला पंप नेहमी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी काम करतो आणि ते कुठे, हे कंपनीने दिलेल्या आलेखावरूनच कळते. ज्या पंपाचा असा आलेख मिळत नाही तो मी आता विचारातच घेत नाही.

उंची कुठून मोजायची याबाबतही माझा गैरसमज होता. ती पंपापासून नव्हे, तर सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पातळीपर्यंत मोजायची असते. आमच्याकडे ती ९५ सेंटिमीटर भरली. माझ्या टँकमध्ये सुमारे २४० लिटर पाणी आहे. गोड्या पाण्याच्या टँकचे पाणी सम्पमधून तासाला पाचेक वेळा फिरले की पुरते, म्हणजे मला ताशी १,२०० लिटर हवे होते. इतके पाणी ९५ सेंटिमीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने साडेतीन वॅटसुद्धा लागत नाहीत! हा हिशोब मी तीन वेळा करून पाहिला. साडेतीन वॅटांच्या कामासाठी मी अठ्ठावन्न वॅट मोजत होतो आणि उरलेली सगळी वीज पाइपशी झगडण्यात, मोटरमध्ये आणि पाणी तापवण्यात जात होती.

पाणी तापणे ही मुंबईत किरकोळ गोष्ट नाही. पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने पाण्यातच उतरते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या टँकचे तापमान आधीच ३१ अंशांच्या पुढे असते. ज्यांच्याकडे प्रवाळांचा टँक आणि पाणी थंड ठेवणारा चिलर आहे, ते या उष्णतेचे पैसे दोनदा भरतात : एकदा पंपाला आणि एकदा ती बाहेर काढणाऱ्या चिलरला.

नवा पंप घेण्याआधी मी पाइप बदलला, आणि या सगळ्या खटाटोपातले सर्वांत स्वस्त व सर्वांत शहाणपणाचे काम तेच ठरले. जुना पाइप पाऊण इंची होता आणि त्यात पाच एल्बो, म्हणजे काटकोनी सांधे, होते. तेवढेच पाणी पाऊण इंचीऐवजी एक इंची पाइपातून नेले तर घर्षण साधारण चौथ्या भागावर येते. दोन एल्बो कमी केले आणि बाकीच्या वळणांसाठी लवचीक नळी वापरली. त्याच जुन्या पंपाने तीच बादली ३१ सेकंदांत भरली.

आता मोठ्या पंपाची गरजच उरली नव्हती. मी ३० वॅटांचा डीसी पंप घेतला, ज्याचा वेग कमी-जास्त करता येतो. याच्या किमतीत साधे एसी पंप दोन आले असते. वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तर मोटरवरचा भार जवळपास निम्म्यावर येतो, हे खरे आहे. पण ही किमया खालपर्यंत चालत नाही. पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे वेग निम्मा केला की उंची चौथ्या भागावर येते. माझ्या पंपाचे कमाल हेड तीन मीटर आहे, त्यामुळे निम्म्या वेगाला ते पाऊण मीटरवर येते आणि माझ्या ९५ सेंटिमीटरपर्यंत पाणी पोहोचतच नाही. पंप शांतपणे घुमत राहतो, वीज खातो आणि वर थेंबही जात नाही. मी एकदा रात्री वेग फार कमी ठेवून झोपलो आणि सकाळी ओव्हरफ्लो कोरडा पाहिला.

शेवटी बादली ५६ सेकंदांत भरेल असा वेग कायम केला. मीटरवर १८ वॅट दिसतात, वर्षाचे सुमारे १५८ युनिट. वाचलेले ३५० युनिट महिन्याला २९ पडतात. बिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचतात ते सर्वांत वरच्या टप्प्यातले, म्हणजे महागातले युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले तरी वर्षाचे साडेतीन हजार होतात. उन्हाळ्यात पाण्याचे तापमानही जवळजवळ एका अंशाने उतरले, आणि कपाटातून रात्री येणारी घरघर थांबल्याचे आईने माझ्याआधी ओळखले.

पंप कोणताही असो, वीज गेल्यावर रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटे खाली ओढले जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, त्या दिवशी आमच्या आधीच्या, लहान टँकचे पाणी असेच सम्पवरून फरशीवर आले होते. तेव्हापासून पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली हवा ओढणारे छिद्र ठेवतो आणि सम्प काठापासून चार बोटे रिकामा.

डीसी पंपाची दुखरी जागा म्हणजे त्याचा ॲडॅप्टर. पावसाळ्यातली दमट हवा आणि कपाटातली वाफ त्याला मानवत नाही, म्हणून तो मी कपाटाबाहेर भिंतीवर टांगला आहे आणि पंपाकडून वर जाणाऱ्या वायरला खाली झोळ दिला आहे, म्हणजे ओघळणारे थेंब तिथेच गळून पडतात. ॲडॅप्टर जळालाच तर नवा मिळेपर्यंत मासे थांबणार नाहीत. त्यासाठी तो जुना अठ्ठावन्न वॅटांचा पंप व्हिनेगरमध्ये भिजवून, इम्पेलर, म्हणजे आतले पाणी ढकलणारे चक्र, घासून, कोरडा करून माळ्यावर ठेवलेला आहे, आणि एक इंची पाइपाला तो जोडायचा कनेक्टर त्याच पिशवीत आहे.