बाईंचा १९ एप्रिल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि इतिहासाच्या बाईच आठवल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला जिथे तोंड फुटलं, ते ‘१९ एप्रिल १७७५, लेक्झिंग्टन’ एवढंच फळ्यावर लिहून त्या कधी थांबल्या नाहीत. त्यांच्यासारखं शिकवणारं पुन्हा कुणी भेटलं नाही.

बाई लढाई घड्याळ लावून सांगत. बोस्टनहून इंग्रज सेनापती जनरल गेजचे सुमारे ७०० शिपाई रात्री निघाले. बोटी अपुऱ्या, म्हणून नदीवर खेपा कराव्या लागल्या. पलीकडे उतरले ते गुडघाभर पाण्यात, आणि मग शिध्याची वाट पाहत पहाटे दोनपर्यंत तिथेच. तोवर अमेरिकनांचा पॉल रिव्हिअर ते येत असल्याची खबर घेऊन घोड्यावरून लेक्झिंग्टनला पोचलासुद्धा. तिथे उजाडताना अमेरिकन कॅप्टन पार्करची ७७ माणसं उभी होती, त्यांतली आठ पडली. पहिला बार कुणाचा, हे आजही ठरलेलं नाही. बाईंनीही ते कधी ठरवून दिलं नाही.

पुढच्या कॉन्कर्ड गावात इंग्रजांनी सापडलेले तोफगाडे जाळले. धूर पाहून टेकडीवरच्या शेतकऱ्यांना वाटलं, गावच पेटवलं. ते पुलावर चालून आले. परतीच्या वाटेवर शिपायांची काडतुसं संपत आली, कारण माणशी ३६च दिली होती. लेक्झिंग्टनला इंग्रज अधिकारी पर्सीची कुमक दोन तोफा घेऊन भेटली नसती, तर ७३ ठार आणि १७४ जखमींवर भागलं नसतं.

ठासणीची बंदूक कशी भरायची, ते बाईंनी लाकडी पट्टी हातात धरून दाखवलं. काडतूस दातांनी फाडायचं, थोडी दारू रंजक म्हणून चापाजवळच्या वाटीत, झाकण बंद. उरलेली नळीत, वर गोळी, मग गजाने ठासायचं. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, पण शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. म्हणून १७ जूनला बोस्टनजवळच्या बंकर हिल टेकडीवर अमेरिकन कर्नल प्रेस्कॉटची माणसं शत्रू अगदी जवळ येईपर्यंत थांबली. दोन हल्ले मोडले. तिसऱ्याला दारू संपली, संगिनी थोड्यांकडेच होत्या, टेकडी गेली. पण इंग्रजांचे २२६ ठार आणि ८२८ जखमी झाले. मुख्य झुंज शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली, हे पेपरात लिहिलं नाही तर बाई अर्धा गुण कापत.

या दोन लढायांच्या मधेच, १८ मे १७७५ला, गुजरातेत अडासला मराठ्यांचे सेनानी हरिपंत फडके इंग्रजांच्या कर्नल कीटिंगशी झुंजत होते. हा धागा बाईंनीच जोडून दिला. आता पाठ्यपुस्तकात या सगळ्याला जेमतेम दीड ओळ मिळते, फार वाईट वाटतं.

बंकर हिलला इंग्रजांच्या सहा पौंडी तोफांसाठी गोळे आले बारा पौंडी. हे सांगताना बाई दरवर्षी तितक्याच कळकळीने म्हणत, “अरे, निघण्याआधी पेटी उघडून बघायला हवी होती!”