ब्रास बँडसोबत एका स्टेजवर: नाशिकमधला माझा अनुभव

आमचा बँड पाच जणांचा. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, गायिका आणि बेस गिटारवर मी. दिवाळीनंतर गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर आम्ही पंचवटीतल्या एका जुन्या ब्रास बँडबरोबर कार्यक्रम केला. असं काही करायचं मनात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

सुरुवात तारखेपासून झाली. लग्नसराईत ब्रास बँडला एक संध्याकाळ मोकळी नसते, आणि चातुर्मासात मुहूर्त नसले तरी गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या असतात. पाऊस संपल्यावर उघड्यावर करायचं तर भाऊबीज ते तुळशीचं लग्न एवढीच फट मिळते. आम्ही तीच धरली आणि सराव पावसाळ्यात सुरू केला. त्यांच्या दुकानात एवढी माणसं मावत नव्हती, म्हणून सातपूर एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका शेडमध्ये शिफ्ट सुटल्यावर जमायचो. आवाजाची तक्रार करायला तिथे शेजार नव्हता.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवून टाकली. हल्ली कार्यक्रमांत फेटे बांधलेले बँडवाले मागे उभे करतात, दोन मिनिटं वाजवून घेतात आणि फोटो काढतात. मला ते अजिबात पटत नाही. ही माणसं तासन्‌तास चालत, उभ्याने, मनात साठवलेली शेकडो गाणी वाजवतात. म्हणून अर्धा तास त्यांचा, अर्धा तास आमचा आणि शेवटी चार गाणी दोघांची, असा क्रम ठरला. बिदागीही बँडमागे निम्मी-निम्मी न ठेवता माणशी सारखी. ते चौदा, आम्ही पाच. निम्मी वाटणी त्यांच्यावर अन्याय करणारी झाली असती.

खरं काम पट्टीचं होतं. ट्रम्पेटवर सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमवरची काळी पाच. क्लॅरनेटचंही तसंच. ऑल्टो सॅक्सोफोनवर तोच सी काळी दोन होतो. गिटारवाल्यांचा जीव मात्र मोकळ्या तारांत, त्यामुळे आमची बहुतेक गाणी ई मध्ये, पांढरी तीनमध्ये. त्या पट्टीत ट्रम्पेटवाल्याला सहा शार्प, म्हणजे सहा चढे स्वर, सांभाळत वाजवावं लागतं. त्यांच्या बँडमास्तरांनी एकदा वाजवून दाखवलं आणि म्हणाले, "भाऊ, वाजवू हो आम्ही, पण बोटांकडे लक्ष राहील, गाण्याकडे नाही." त्यावर आम्ही सगळं अर्धा स्वर वर, एफ मध्ये नेलं. ट्रम्पेटला एकच शार्प उरला, सॅक्सोफोनला दोन. गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला की झालं. गायिकेने वरचा षड्ज गाऊन बघितला, हो म्हणाली, मगच पक्कं केलं.

लयीचा प्रश्न याहून नाजूक. आमचा ड्रमर कानात क्लिक, म्हणजे ठरावीक लयीची टकटक, घेऊन वाजवतो. ब्रास बँड मास्तरांच्या हाताकडे बघून वाजवतो, आणि वरातीत नाचणारे रंगले की लय चढवतो. ते त्यांचं कसब आहे. क्लिकला बांधलं तर वरातीच्या सहा मात्रांच्या ठेक्यातली सगळी मजा जाते. म्हणून एकत्र गाण्यांना क्लिक बंद केला. ड्रमरला मास्तर समोर दिसतील असं बसवलं आणि त्यांचा बेस ड्रम आमच्या किटला खेटून ठेवला. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. बारा मीटरच्या स्टेजच्या दोन टोकांना दोन ढोल ठेवले तर नुसतं ऐकून सम जुळवणं अवघडच.

ट्रम्पेट गायिकेच्या मागेही उभे करू नयेत. तिच्या माइकमध्ये तिच्याआधी तेच शिरतात. आम्ही त्यांना डाव्या बाजूला, तोंड स्टेजच्या आडव्या दिशेने करून उभं केलं. साउंड चेकला ब्रासला आधी, माइकशिवाय वाजवायला लावलं आणि बाकी सगळ्यांचा आवाज त्यांच्या हिशेबाने बसवला. उलट क्रमाने केलं की ब्रास कर्कश वाटतो आणि दोष त्यांच्या माथी येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. लाउडस्पीकरची परवानगी पोलिसांकडून घेतली. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकरच काय, वाद्यही वाजवता येत नाही, म्हणून शेवटचं गाणं साडेनऊला संपेल असा वेळ बांधला. सिनेगीतांबद्दल मात्र बँडवाल्यांनाही नवल वाटलं. लग्नाच्या वरातीत वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती लागू होत नाही, तिथे गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचा परवाना लागतो. तो आधीच काढला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी थंडी पडली होती. थंडीत पितळेची वाद्यं उतरतात आणि गिटारच्या तारा आक्रसून चढतात, म्हणजे दोघे विरुद्ध दिशांना पळतात. मास्तरांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पोरांना स्टेजमागे वाद्यांत सतत गरम श्वास फुंकत ठेवलं, ट्रम्पेटच्या स्लाइड, म्हणजे सूर जुळवायच्या सरकत्या नळ्या, थोड्या आत घेतल्या आणि कीबोर्डच्या एफ वर एकेकाला तपासूनच वर सोडलं. गिटारवाल्याने तोवर स्टेजवर तारा उतरवून घेतल्या. पहिल्या एकत्र गाण्यात युफोनियम हे त्यांचं भारदस्त पितळी वाद्य माझ्या बेसला येऊन मिळालं तेव्हा अंगावर काटा आला. एवढा भरीव खर्ज आमच्या बँडला कधी मिळालाच नव्हता. शेवटच्या गाण्यात मास्तरांनी हात वर नेत लय चढवली, ड्रमर त्यांच्या मागे गेला आणि लॉनवरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सगळे पुढे येऊन नाचत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात बसून हिशेब केला, माणशी सारखा. पुढचा कार्यक्रम चातुर्मासात, गणपतीच्या आधी करायचं मास्तरांनीच सुचवलं. तेव्हा पाऊस असणार, म्हणून या वेळी बंद सभागृह हवं. कालिदास कलामंदिरच्या तारखांची चौकशी सुरू केली आहे. एकत्र गाणी चारऐवजी आठ करायची आहेत, आणि त्यातली निम्मी मास्तर बसवणार आहेत.