कलम ३(एफ) आणि आमचा पंप स्टार्टर : एका सर्किटच्या पेटंटचा माझा अनुभव

पेटंट कायद्यातलं कलम ३(एफ) मला आता आरतीसारखं पाठ झालंय. त्याचा मतलब असा : माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा तीच उपकरणं पुन्हा वापरणं, आणि त्यात प्रत्येक उपकरण बाकीच्यांपासून स्वतंत्रपणे आपलं ठरलेलं कामच करत असेल, तर तो शोध नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने हे पहिल्यांदा वाचलं की पोटात गोळा येतो. आपण दुसरं करतो काय? रेझिस्टर आपण शोधत नाही, कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) दुकानातून आणतो, रिले (विजेवर चालणारा स्विच) तर त्याहून जुना. मांडणी हाच आपला धंदा!

माझं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पॅनल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपांचे स्टार्टर हे मुख्य काम. विहिरीतलं पाणी संपलं की पंप कोरडा फिरतो, सील जातं, मोटर जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी बसतो. ड्राय रनचे, म्हणजे पंप कोरडा फिरला की तो बंद करणारे, रिले बाजारात भरपूर आहेत. बहुतेक करंट बघतात. पण कागदावर ४१५ व्होल्ट असले तरी आमच्या भागात कधी ३४० येतात, कधी ४४० च्या वर जातात. व्होल्टेज पडलं की पाणी उपसणाऱ्या मोटरीचा करंट वाढतो आणि चढलं की कोरड्या मोटरीचाही वाढतो. मग सेटिंग कुठे ठेवायचं? शेतकरी वैतागून रिलेच बायपास करतो.

आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. मोटर बंद केल्यावर ती लगेच थांबत नाही, आणि रोटरमध्ये उरलेल्या चुंबकत्वामुळे तिच्या टोकांवर क्षणभर व्होल्टेज शिल्लक राहतं. सीआरओवर (लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर) ते बघण्यासारखं असतं. लाट लहान होत जाते आणि त्याच वेळी दोन शिखरांमधलं अंतर ताणलं जातं, कारण मोटर मंदावते. पंपात पाणी असेल तर ते पंख्याला अडवतं, लाट पटकन ताणते. पंप कोरडा असेल तर सावकाश. लाइनचं व्होल्टेज काहीही असो, या ताणण्याला त्याचं देणंघेणं नाही. तेव्हा काँटॅक्टर (मोटरीला वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटला की त्याच्या ऑक्झिलरी काँटॅक्टने (सोबतच्या छोट्या स्विचने) कंपॅरेटर जागा करायचा, त्याने लाट शून्यातून किती वेळाने जाते ते मोजायचं आणि त्यावरून टायमरने पुढचा स्टार्ट किती उशिरा द्यायचा ते ठरवायचं. विहिरीला झरे कसे आहेत त्याप्रमाणे थांबण्याचा वेळ आपोआप कमीजास्त होतो. हे निरीक्षण माझ्या बहिणीचं. ती सांगलीच्या वालचंद कॉलेजची इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणून अर्जात दोघांचीही नावं.

ते पुढे कामाला आलं. अर्जदारांमध्ये एक तरी स्त्री असेल तर फॉर्म १८ ए भरून जलद तपासणी मागता येते. व्यक्तीला त्याची फी ८००० रुपये, साध्या फॉर्म १८ ची ४०००. नुसता मी एकटा अर्जदार असतो तर रांगेत उभा राहिलो असतो. अर्थात यासाठी घरातल्या कुणाचंही नाव घुसडू नका. शोधात जिचा हात आहे तिचंच घाला.

बाकीचं दाखल करणं सोपं गेलं. ऑनलाइन पोर्टल, क्लास ३ चं डिजिटल सिग्नेचर, फॉर्म १, २, ३, ५. व्यक्ती किंवा स्टार्टअपला अर्जाची फी १६०० रुपये, ३० पानं आणि १० दावे (शोधातलं नेमकं काय आपलं ते सांगणारी कलमं) धरून. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो, मराठीत नाही. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे येतात, पण तिथे जायची वेळ आमच्यावर आली नाही.

घोडं अडलं ते दाव्यांवर.

दावे लिहायला आम्ही एक सल्लागार गाठले होते. नाव लिहीत नाही. त्यांनी पहिला दावा लिहिला तो साधारण असा : एक पंप नियंत्रक, ज्यात एक काँटॅक्टर आहे, एक कंपॅरेटर आहे, एक टायमर आहे आणि एक पॉवर सप्लाय आहे. बस्स. मटेरियलची यादी! मी म्हटलं, यात काय कशामुळे होतं ते कुठे आहे? म्हणाले, "सर, दावा जितका मोकळा तितका चांगला, स्पर्धक अडकतात." ऐकायला बरं वाटतं. आणि वर्णनात मी लाट ताणण्याबद्दल, ऑक्झिलरी काँटॅक्टबद्दल दीड-दोन पानं लिहून दिली होती, ती त्यांना कापायची होती. ३० पानांच्या वर दर पानाला १६० रुपये पडतात, हे कारण! मी कापू दिली नाहीत. १६० रुपयांत आमच्याकडे धड एक एमसीबी (फ्यूजऐवजी लावतात तो स्विच) येत नाही.

पेटंट कार्यालयाचा तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यात जे असणार होतं तेच होतं. काँटॅक्टर माहीत, कंपॅरेटर माहीत, टायमर माहीत, कलम ३(एफ). खरं सांगायचं तर त्या दाव्याकडे बघून मीही तेच लिहिलं असतं. सल्लागारांना फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे". परत केला, तरी मीटिंग. उत्तराला मुदत ६ महिन्यांची असते, आणखी ३ महिने फी भरून वाढवून मिळतात, आणि ती मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. दिवस जात होते आणि यांची मीटिंग संपत नव्हती. शेवटी उत्तराचा मसुदा आला, वेगळ्या बिलासकट. त्यात शोध नवा आहे, उपयुक्त आहे, आक्षेप मागे घ्यावा अशी आर्जवं आणि निकालांचे लांबलचक उतारे. आमच्या सर्किटबद्दल एक ओळ नाही. नाव बदललं असतं तर मिक्सरच्या पेटंटलाही चाललं असतं.

तिथे मी ठरवलं की उत्तर आपणच लिहायचं. अर्जदाराला स्वतः लिहिता येतं, एजंट सक्तीचा नाही.

कागद घेऊन बसलो आणि मीही यादीच वाचायला लागलो. हा नवीन, तो नवीन. बहीण म्हणाली, "दादा, कोण कुणाला काय करतं ते सांग ना. काँटॅक्टर सुटला नाही तर कंपॅरेटरला काय दिसेल?" दिसेल काय, लाइनचे ५० हर्ट्झ. मोटरीबद्दल काहीच नाही. म्हणजे कंपॅरेटर स्वतंत्रपणे काम करतच नाही. काँटॅक्टर सुटणं हीच त्याच्या मोजणीची अट, आणि त्याची मोजणी ही काँटॅक्टर पुन्हा कधी लागणार याची अट. ३(एफ) मध्ये जे "स्वतंत्रपणे" आहे ते इथे लागू पडत नाही, एवढाच मुद्दा. दोन माणसांनी एका संध्याकाळी मांडला.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. विषय लेथवर भांडी धरण्याचा. ज्यांचं पेटंट होतं ते तिथे हरले, कारण तशी सुधारणा कुणाही कसबी कारागिराला सुचली असती असं कोर्टाला वाटलं. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की जुने भाग एकत्र येऊन एकमेकांशी असलेल्या कार्यसंबंधातून सुधारित परिणाम देत असतील, तर ते पेटंटला पात्र ठरू शकतात. सल्लागारांच्या मसुद्यात हाच निकाल होता, फक्त त्यातली हरण्याची बाजू तेवढी उतरवलेली! तो वाचाच, आणि पूर्ण वाचा.

नवा दावा लिहिताना कलम ५९ आडवं येतं. दुरुस्ती करता येते, पण मूळ कागदात नव्हतं असं काही घालता येत नाही, आणि नवा दावा जुन्या दाव्याच्या हद्दीतच राहावा लागतो. जुना दावा मोकळा होता, त्यामुळे हद्दीचा प्रश्न नव्हता, आम्ही त्याला अटी लावून आवळला. पण त्या अटी मूळ वर्णनात नसत्या तर आमचा कारभार तिथेच आटोपला असता. ती दीड-दोन पानं, जी १६० रुपये वाचवायला कापायची होती, त्यांच्यावरच सगळं उभं राहिलं. हे मी आजही भेटेल त्याला सांगतो आणि थोडा चढा आवाज लागतो, ते असू दे.

तेव्हा सर्किटच्या माणसाने अर्ज लिहिताना भागांची ओळख दोन ओळींत उरकावी, आणि कुठला भाग कुठल्या भागाच्या अवस्थेवर अवलंबून आहे ते मात्र सविस्तर लिहावं. कुठला सिग्नल कधी वैध, कधी निरर्थक, एक भाग काढला तर दुसऱ्याचं काय होतं, हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर हवं. ज्याला तुम्ही "हे तर उघडच आहे" म्हणून सोडता तेच नंतर लागतं.

या प्रकरणात हॅरल्ड ब्लॅकची फार आठवण यायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचा हा इंजिनिअर १९२७ च्या २ ऑगस्टला बोटीने हडसन ओलांडून कामाला चालला होता, तेव्हा त्याला निगेटिव्ह फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणारा, अॅम्प्लिफायर सुचला आणि त्याने तो हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच लिहून काढला. त्यातही नवा भाग कुठला? अॅम्प्लिफायर जुना, मागे सिग्नल न्यायची वाट जुनी. नवं होतं ते त्या दोघांमधलं नातं. गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) मुद्दाम घालवायचा आणि त्याच्या बदल्यात विकृती कमी करायची, हे लोकांना पटेना. १९२८ च्या अर्जावर अमेरिकेचं पेटंट १९३७ च्या डिसेंबरात मिळालं. नऊ वर्षं! आज ऑप-अॅम्पच्या (चिपमधल्या अॅम्प्लिफायरच्या) बहुतेक सर्किटमध्ये तेच असतं.

सुनावणी व्हिडिओवरच झाली. मी लांबलचक भाषण तयार केलं होतं, ते लागलंच नाही. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं की काँटॅक्टर चालू असताना हा कंपॅरेटर काय मोजतो. बहिणीने सांगितलं, काहीच नाही, आणि तोच आमचा मुद्दा आहे. वर्णनातल्या परिच्छेदाचा क्रमांक सांगितला. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. ते आम्ही दोन पानांत दिलं. त्यानंतर मंजुरी आली आणि मी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. पोरांना वाटलं मोठी ऑर्डर मिळाली.

आठवतंय तसं आणखी थोडं सांगतो.

अर्जाआधी काहीही दाखवू नका. आम्हाला एका कृषी प्रदर्शनात स्टॉल मिळत होता, तो सोडला. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. घाई असेल तर तात्पुरतं वर्णन दाखल करून तारीख धरून ठेवा. त्याला दावे लागत नाहीत आणि पूर्ण वर्णनाला १२ महिने मिळतात. पण "तात्पुरतं" म्हणून त्यात हात आखडता घेऊ नका.

जुन्या पेटंटांची शोधाशोध करताना नुसते शब्द टाकून बसू नका, पेटंटांच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा. पंप अडचणीत बंद करण्याचं एफ०४डी १५/०२ मध्ये येतं, मोटरीच्या संरक्षणाचं एच०२एच ७/०८ मध्ये. शब्दांनी जे सापडलं नव्हतं ते तिथे सापडलं, आणि त्यामुळे दावा कुठे आवळायचा ते कळलं.

चित्रांचं तर सांगायचंच राहिलं. किकॅडमधून (सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमधून) काढलेला सर्किटचा आराखडा जसाच्या तसा चिकटवू नका. ए४ पान, वर आणि डावीकडे ४ सेंटीमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटीमीटर मोकळे, चित्रावर वर्णन नाही, फक्त संदर्भाचे आकडे. आणि चित्रात जे दाखवाल ते जपून. जॅक किल्बीच्या १९५९ च्या आयसीच्या (इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे चिपच्या) अर्जातल्या चित्रात जोडतारा हवेत कमानीसारख्या होत्या, आणि ते पुढे त्याला जड गेलं. त्याचा अर्ज फेब्रुवारीतला, रॉबर्ट नॉइसचा जुलैतला, तरी नॉइसला पेटंट १९६१ मध्ये मिळालं आणि किल्बीला १९६४ मध्ये. जोडणीवरचा त्यांचा वाद पुढे १९६९ मध्ये नॉइसच्या बाजूने सुटला.

कुणी चिपच डिझाइन करत असेल तर तिचा लेआउट पेटंटमध्ये येत नाही, कलम ३(ओ) ने तो वगळलाय. त्याला २००० चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी १० वर्षांची. पीसीबीवाल्यांनी (सर्किटचे छापील बोर्ड बनवणाऱ्यांनी) त्यात पडू नये, तो कायदा इंटिग्रेटेड सर्किटचा आहे.

आणि पेटंट मिळालं म्हणून पेढे वाटून मोकळे होऊ नका. तिसऱ्या वर्षापासूनची फी मंजुरी होईपर्यंत साचलेली असेल तर ती मंजुरीनंतर ३ महिन्यांत भरायची असते. व्यक्तीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ८०० रुपये, पुढे वाढत जाऊन सोळाव्या वर्षापासून ८०००. चार किंवा जास्त वर्षांची एकदम ऑनलाइन भरली तर १० टक्के सूट आहे. आम्ही तशीच भरली. फॉर्म २७, म्हणजे पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का त्याचं निवेदन, तो आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचा असतो. त्याची तारीख बहिणीने तिच्या फोनवर टाकून ठेवलीय, माझ्या भरवशावर नको म्हणाली.