बेम्प्टनच्या कड्यावर

बेम्प्टनचे कडे डोळ्यांआधी नाकाला कळतात. मे महिना, समुद्रावरून येणारा वारा आणि सुक्या मासळीच्या बाजारात शिरल्यासारखा भपकारा. बरोबरच्या दोघींनी रुमाल काढले. मी कोकणातली, मला भूक लागली.

हा इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा पूर्व किनारा. हलहून स्कार्बरोला जाणाऱ्या छोट्या गाडीने बेम्प्टनला उतरायचं आणि शेतांच्या कडेने चालत सुटायचं. कडे खडूच्या दगडाचे, पांढरे, काही ठिकाणी 100 मीटर उंच. मार्च ते ऑक्टोबर या काळात इथे सुमारे 5 लाख समुद्रपक्षी विणीला येतात, आणि त्यातला एकही गप्प बसत नाही.

बहुतेक लोक येतात ते पफिनसाठी. पण इथे ते थोडेच, शिवाय दगडाच्या भेगांत राहणारे; दिसला तर नशीब. माझं मत विचाराल तर इथला राजा गॅनेट. पंखांचा पसारा जवळजवळ 2 मीटर, डोकं हळदीचा हात फिरवल्यासारखं पिवळं, डोळ्याभोवती निळं कडं. पावसाळ्यात वादळाने भरकटून कोकण किनाऱ्यावर येणारा बूबी याच्याच कुळातला. कठड्यापासून हाताच्या अंतरावर एक नर चोचीत गवताचा झुबका घेऊन आला आणि धप्पकन आदळला. जोडीदारीणीने मान वर केली, मग दोघांचं चोचीवर चोच आपटणं बराच वेळ चाललं. झुबक्यात निळ्या नायलॉनचा धागाही होता. मासेमारीच्या जाळ्यांचे असे तुकडे बऱ्याच घरट्यांत दिसतात, आणि त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

खालच्या कपारींवर गिलेमॉट खांद्याला खांदा लावून उभे. घरट्याची भानगडच नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. कुणाचं निळसर, कुणाचं हिरवट, वर तपकिरी रेघोट्या. प्रत्येक मादीची नक्षी वेगळी, त्यावरून त्या गर्दीतही अंडं ओळखता येतं.

ही नक्षीच त्यांना नडली. गावातले लोक दोराला लटकून कड्यावर उतरत आणि अंडी काढत. काही खायला, काही हौशी संग्राहकांना विकायला. 1954 च्या कायद्याने ते थांबलं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, बोटी भरभरून लोक इथे नुसत्या बंदुका झाडायला येत. किटिवेकची पिसं बायकांच्या टोप्यांवर जात, पिल्लं उपाशी मरत. त्यावर ओरड झाली आणि 1869 मध्ये समुद्रपक्ष्यांसाठी कायदा आला. त्यात 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट शिकारीला बंदी होती.

हे आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर काय वेगळं झालं?" खरंच. तिथल्या गुहेतल्या पाकोळ्यांची लाळेने बांधलेली घरटी परदेशातल्या सूपसाठी चोरली जायची. फरक एवढाच, की इथे तो इतिहास फलकावर लिहिलाय आणि लोक आईस्क्रीम खात तो वाचतात.

यायचं असेल तर जुलै सरायच्या आत या. ऑगस्टमध्ये गिलेमॉट आणि पफिन समुद्रात निघून गेलेले असतात, मागे उरतात ते मुख्यतः गॅनेट. आणि जॅकेट जाड आणा. मे महिना म्हणजे उन्हाळा, हा आपला समज हलच्या स्टेशनवरच सोडा.