ते वरचं कशाला

दुपारी फोन आला. विज्ञान मेळाव्यातलं भाषण ठरल्याप्रमाणेच, फक्त अंतराळातल्या यंत्राचा माझा विषय बदला म्हणे. "मॅडम, ते वरचं कशाला? लेकरं लायगोचंच विचारायलेत. आपल्या औंढ्याचं सांगा की." मी बरं म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते 'वरचं' टोचतंय.

औंढ्याचं मला नको असं नाही. हिंगोली जिल्ह्यात लायगोचं, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणारं, 4-4 किलोमीटर भुजांचं यंत्र होणार कळलं, तेव्हा मीच गल्लीत पेढे वाटले होते. पण मे 2011 मध्ये एएमएस, अवकाशातून येणारे कण ओळखणारं यंत्र, अंतराळ स्थानकावर बसवलं, तेव्हापासून जीव तिकडे लागलाय. परभणीत ते बोलायचं कुणाशी? ह्यांना सांगून झालं. आई असती तर... जाऊ दे.

मला त्यातलं 'रिच' सांगायचं होतं, कणाचा वेग मोजणारा भाग. वैश्विक किरणांतला, म्हणजे अवकाशातून वेगाने येणारा कण एअरोजेल नावाच्या अगदी हलक्या, पारदर्शक पदार्थाच्या पातळ फरशीत शिरतो. तिथे प्रकाशाचा वेग जरा कमी होतो, कण त्याच्याही पुढे पळतो आणि निळसर प्रकाशाचा शंकू मागे सोडतो. नाथसागरात वेगात जाणाऱ्या होडीमागे पाण्यावर पाचर उमटते तसा. खाली 680 प्रकाशगुणक नळ्यांवर, म्हणजे अंधुक प्रकाशही टिपणाऱ्या नळ्यांवर, त्याचं वर्तुळ पडतं. वर्तुळाच्या आकारावरून वेग, प्रकाश किती त्यावरून विद्युतभार.

आणि ते भोक! नळ्यांच्या पडद्याला मधोमध चौकोनी भोक ठेवलंय, कारण खाली ऊर्जा मोजणारं यंत्र आहे, त्याच्या वाटेत आडवं काही नको. मग मधून येणाऱ्या कणाचं वर्तुळ भोकातच जाणार ना? म्हणून वर मध्यभागी एअरोजेल नाहीच, सोडियम फ्लोराइड आहे. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो तो आकडा, 1.05 च्या जागी 1.33. प्रकाशाचा कोन 18 अंशांच्या आतून थेट 41 अंशांपर्यंत रुंदावतो आणि वर्तुळ भोकाबाहेर, नळ्यांवर येतं. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. एवढं सुंदर काही माझ्यापाशी आहे आणि ते कुणाला नको, याचंच दुपारभर रडू येत होतं.

संध्याकाळी भाकरी थापताना वाटलं, वरचं म्हणजे तरी काय? हे किरण हवेवर आदळून म्युऑन नावाचे सूक्ष्म कण होतात आणि सेकंदाला एक-दोन तर आपल्या तळहातातूनच जातात. औंढ्याच्या माळावरही तेच, मेळाव्याच्या मंडपातही तेच. मी सांगितलं काय, नाही काय, ते येतच राहणार. मन थोडं निवलं. लायगोवर बोलेन, मनापासून बोलेन.

पण भाषणानंतर एखादं लेकरू रेंगाळलं, तर त्याला या किरणांतल्या बेरिलियम-10 चं, बेरिलियमच्या किरणोत्सारी प्रकाराचं सांगणार आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरायला लागणारा काळ, सुमारे 14 लाख वर्षं. न विरणाऱ्या बेरिलियम-9 च्या तुलनेत ते किती उरलंय, यावरून हे किरण आकाशगंगेत किती काळ हिंडले ते कळतं. दोघांचा विद्युतभार सारखाच, फरक फक्त वस्तुमानाचा. तो ओळखायचा तर वेग फार नेमका मोजावा लागतो. तिथे रिचच लागतं. कुणीतरी रेंगाळायला हवं बाई.