सरकता पिकअप, एकसर-समांतर स्विच आणि ई तारेच्या आवाजातला खड्डा : बास गिटारच्या प्रयोगाची पुढची नोंद

मागच्या नोंदीत बास गिटारच्या सागवानी बॉडीमध्ये ब्रिजपासून (तारा जिथे टेकतात त्या टेकूपासून) नेकच्या (लांब दांड्याच्या) टोकापर्यंत एक लांब गाळा कोरून घेण्याचा बेत लिहिला होता. नागपूरच्या महाल भागातल्या सुताराने तो गाळा अपेक्षेपेक्षा सफाईने कोरून दिला. त्याच्या दोन्ही कडांना आता ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या आहेत, त्यामुळे दोन्ही सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे, चुंबक आणि एकाच वेटोळ्याचे भाग) स्क्रू सैल करून हवे तिथे सरकवता येतात. ही कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकात गिब्सनच्या ग्रॅबर या बासवर पिकअप हाताने सरकवण्याची सोय होती. तिथे पिकअप एकच होता, इथे दोन आहेत, आणि खरी गंमत दोन पिकअप एकत्र वाजू लागल्यावरच सुरू होते.

वाद्याची स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी, नेहमीची ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी आहे. पुढची सर्व अंतरे ब्रिजच्या सॅडलपासून (तार प्रत्यक्ष टेकते तिथपासून) पिकअपच्या मध्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजलेली आहेत. तार कुठे छेडली जाते याचाही स्वरावर पिकअपच्या जागेइतकाच परिणाम होत असल्यामुळे प्रत्येक वेळी ७० मिमीवर, बॉडीवर केलेल्या खुणेसमोर, त्याच पिकने तार छेडली आणि ध्वनिमुद्रण संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या प्रणालीत त्याचा वर्णपट, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख, पाहिला.

सुरुवात एकाच पिकअपने केली. तो १७३ मिमीवर, म्हणजे तारेच्या बरोबर एक-पंचमांश अंतरावर ठेवला. सर्वांत जाड अशा मोकळ्या ई तारेच्या पाचव्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेच्या कंपनाचा) निस्पंद बिंदू, म्हणजे त्या कंपनात तार न हलणारी जागा, तिथे येतो, त्यामुळे वर्णपटातील २०६ हर्ट्झचे शिखर जवळजवळ नाहीसे झाले. इथपर्यंत सगळे पुस्तकी होते. पुढे तीच तार पाचव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) दाबली. आता कंप पावणारी लांबी सुमारे ६४७ मिमी उरते आणि पिकअप पाचव्या हार्मोनिकच्या निस्पंद बिंदूवर राहत नाही, म्हणून वर्णपटातला हा खड्डा नाहीसा होईल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तो फारसा हलला नाही. या वेळी चौथा हार्मोनिक, म्हणजे २२० हर्ट्झ, दबलेला दिसला.

याचे कारण तारेवरून धावणाऱ्या लहरीच्या वेगात आहे. ताण आणि जाडी तीच असल्यामुळे ई तारेवर हा वेग फ्रेट बदलला तरी सेकंदाला सुमारे ७१ मीटरच राहतो. पिकअपखालून ब्रिजकडे जाणारी लहर आणि ब्रिजवर उलटून परत येणारी लहर ज्या वारंवारतेला एकमेकींना पुसून टाकतात, ती वारंवारता या वेगाला पिकअपच्या अंतराच्या दुपटीने भागले की मिळते. १७३ मिमीसाठी ती २०६ हर्ट्झ येते आणि बोट कोणत्याही फ्रेटवर असले तरी तेवढीच राहते. त्या खड्ड्यात कोणता हार्मोनिक सापडतो, एवढेच बदलते. चोविसाव्या फ्रेटच्या जागी पिकअप बसवला की त्याला काही खास गोडवा येतो, हा आपल्या मंडळींत चालणारा समज मला म्हणूनच पटत नाही. ती जागा मोकळ्या तारेपुरतीच 'विशेष' असते, आणि मोकळ्या तारेवरही तिचा अर्थ इतकाच की चौथा हार्मोनिक गायब.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. प्रत्येक तारेचा वेग वेगळा असल्यामुळे एकाच जागी बसवलेला पिकअप चारही तारांना एकसारखी वागणूक देत नाही. सर्वांत बारीक अशा जी तारेवरचा वेग सेकंदाला सुमारे १६९ मीटर आहे, म्हणजे त्याच १७३ मिमीवर तिचा पहिला खड्डा ४८९ हर्ट्झवर येतो. जाड तारांचा मधला भाग खाली दबतो, बारीक तारांचा वर.

आता दोन पिकअप. नेककडचा १५२ मिमीवर आणि ब्रिजकडचा ६१ मिमीवर ठेवला, आणि ही मांडणी फेंडरच्या जुन्या जॅझ बासच्या जवळ जाणारी आहे. एकटा ब्रिज पिकअप वाजवला की ई तारेचा मूळ स्वर नेक पिकअपच्या तुलनेत सुमारे साडेसात डेसिबलने कमी मिळतो, कारण ब्रिजजवळ तार कमीच हलते; वरचे हार्मोनिक मात्र तिथे भरपूर असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की या दोन आवाजांची नुसती बेरीज ऐकू येईल अशी अपेक्षा असते. ती चुकते, कारण मोकळ्या ई तारेचा सहाव्यापासून अकराव्यापर्यंतचा प्रत्येक हार्मोनिक एका पिकअपखाली वर जात असतो तेव्हा दुसऱ्याखाली खाली येत असतो. आठवा आणि नववा, म्हणजे ३३० आणि ३७१ हर्ट्झ, तर दोन पिकअपच्या बेरजेत जवळपास पुरते पुसले जातात. जॅझ बासचा तो प्रसिद्ध पोकळ, मधून खोदलेला आवाज पिकअपच्या तारेच्या वेढ्यांत नसून या दोन अंतरांत आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने जॅझ बासचा ब्रिज पिकअप सुमारे १० मिमी ब्रिजकडे सरकवला होता. मी तसेच करून तो ५१ मिमीवर आणला. ६१ मिमीवर ई तारेला ३३४ आणि ३९१ हर्ट्झच्या आसपास दोन खड्डे पडत होते. ५१ मिमीवर ते सरकून ३५१ हर्ट्झपाशी एकावर एक बसले. कानाला मात्र या खड्ड्यांपेक्षा ब्रिज पिकअपचा कोरडेपणा आधी जाणवला. एकटा वाजवताना तो मला कृश वाटतो. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना तोच आवडेल, हे मान्य.

जोडणीचा भाग पिकअपची फेज, म्हणजे दोघांचे संकेत एकाच दिशेने वर-खाली होतात की नाही ते, तपासून सुरू केला. काट्याचा मल्टिमीटर डीसीच्या सर्वांत लहान रेंजवर लावून पिकअपच्या पोलला लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटक्याने उचलला. उचलताना काटा किंचित उजवीकडे उडाला. दुसऱ्या पिकअपवरही तो उजवीकडेच उडाला, म्हणजे दोन्ही एकाच फेजमध्ये आहेत. होकायंत्राने पाहता दोघांची चुंबकीय ध्रुवता उलटी निघाली, म्हणजे वेढेही उलटे असणार, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात उघडले की मेन्सची (घरगुती विजेची) गुणगुण कटते.

नागपुरात याचे मोल मे महिन्यात कळते. कूलरची मोटर आणि पंखा डिमर रेग्युलेटरवर चालू असताना एकटा सिंगल कॉइल भरपूर गुणगुणतो. आपली मेन्स ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा. तो लांबवून धरला की गुणगुणीशी त्याची टक्कर होऊन सेकंदाला साधारण एक या गतीने आवाज फुगतो आणि ओसरतो. पिकअपचा दोष समजून बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. वाद्य हातात धरून जागेवरच पाव वळसा फिरले तर गुणगुण कमी-जास्त होते, आणि आधी ते करून पाहणे फुकट आहे.

बर्डीच्या बाजारातून आणलेल्या सहा पायांच्या टॉगल स्विचवर एकसर (एकामागे एक) आणि समांतर (शेजारी-शेजारी) या दोन्ही जोडण्या घेतल्या आहेत. एका मित्राच्या एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या उपकरणावर) प्रत्येक पिकअपचे इंडक्टन्स साधारण ३.५ हेन्री भरले. मंचावरच्या ६ मीटर केबलचा सुमारे ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स फक्त धरला, तर एकट्या पिकअपचा रेझोनन्स, म्हणजे ज्या वारंवारतेला तो सर्वांत जोरात वाजतो ती, ३.५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. समांतर जोडणीत इंडक्टन्स निम्मे होऊन तो ४.९ वर चढतो, एकसर जोडणीत दुप्पट होऊन अडीच किलोहर्ट्झच्या खाली येतो आणि आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते.

एकसर जोडणीने मधला भाग 'भरून येतो' असे सर्रास म्हटले जाते. माझ्या वर्णपटात ३३० ते ३९० हर्ट्झचा खड्डा दोन्ही जोडण्यांत तसाच आहे, आणि तसाच असायला हवा, कारण दोन व्होल्टेजची बेरीज घेतली काय आणि सरासरी घेतली काय, जे शून्य झाले ते शून्यच राहते. वरची चमक कमी होते आणि पातळी वाढते, म्हणून मध्य पुढे आल्यासारखा वाटतो. खड्डा खरोखर भरायचा असेल तर एक व्हॉल्यूम थोडा मागे घ्यावा. दोन पिकअप असमान झाले की पुसणे अर्धवट राहते आणि मध्य परत येतो. त्याची किंमत म्हणून थोडी गुणगुणही परत येते. ब्रिजचा व्हॉल्यूम किंचित उतरवलेला समांतर आवाज मला या वाद्यावर सर्वांत जास्त आवडला, आणि ढोलकीसोबत वाजवताना तोच वापरणार आहे.

टोनसाठी २५० किलोओहमचा पॉट असून त्यावर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. टोन पूर्ण बंद केला की एकट्या पिकअपचा रेझोनन्स ४०० हर्ट्झपर्यंत खाली येऊन स्वर चिखलात रुततो. ०.०२२ लावल्यावर तो ५७० च्या आसपास राहतो आणि स्वराची कड टिकते, म्हणून तोच कायम केला.

पुढचा प्रयोग स्प्लिट कॉइलचा, म्हणजे दोन अर्ध्या भागांत विभागलेल्या पिकअपचा, आहे. फेंडरच्या प्रिसिजन बासवर १९५७पासून ई-ए तारांचा अर्धा भाग नेककडे आणि डी-जी तारांचा ब्रिजकडे असतो. तारांच्या वेगाचा वरचा हिशेब पाहता ही मांडणी जाड तारा अधिक जाड आणि बारीक तारा अधिक टोकदार करते. उलट्या मांडणीत, ई-ए ११० मिमीवर आणि डी-जी १६५ मिमीवर ठेवल्यास ई तारेचा पहिला खड्डा ३२४ आणि जी तारेचा ५१३ हर्ट्झवर येईल, म्हणजे दोन्हींत बरीच जवळीक साधेल. दोन अर्धे भाग स्वतंत्रपणे सरकवायचे तर मध्ये तिसरी पट्टी हवी, म्हणून बॉडी पुन्हा सुताराकडे गेली आहे.