पस्तीस मिनिटांचा तास

शाळेच्या कंपाउंडबाहेर तास साठ मिनिटांचा असतो, आत आलं की तो पस्तीसचा होतो. कुठे तीसचा, कुठे चाळीसचा, पण साठचा कुठेच नाही. तरीही सगळे त्याला तासच म्हणतात. ‘तासिका’ हा शब्द फक्त परिपत्रकात. मुलांचा ‘गणिताचा तास’ असतो, ‘ऑफ तास’ असतो आणि क्वचित ‘बुडवलेला तास’ही.

सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पाच, असे आठवड्याला 45 तास. ते वर्गावर्गांत वाटायचं काम जूनमध्ये एखाद्या सोशिक शिक्षकाच्या गळ्यात पडतं. हल्ली संगणक मदतीला असतो, पण पेन्सिल आणि खोडरबर सुटलेलं नाही. नवखा माणूस सुरुवात विषयांपासून करतो आणि फसतो. सुरुवात करायची ती शाळेत एकच असलेल्या गोष्टींपासून: एक प्रयोगशाळा, एक मैदान, एक चित्रकलेचे सर. त्यांचे चौकोन आधी भरायचे. मग विज्ञानाचे जोडतास, कारण पस्तीस मिनिटांत परीक्षानळ्या वाटून होतात, धुऊन परत येत नाहीत. मग गणित सकाळच्या तासांना, आणि जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासाला बिचारा इतिहास. एवढं करूनही पहिल्या सोमवारी एकाच सरांची वाट नववी ब आणि दहावी अ एकाच वेळी पाहत बसतात. ही चूक कागदावर दिसत नाही, घंटा झाल्यावर ऐकू येते.

या 45 चौकोनांत विज्ञान मंडळ, भूगोल मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना यांना मिळतो शनिवारचा शेवटचा तास. म्हणजे मुसळधार पाऊस, शिक्षकांची सभा किंवा कुणाची तरी पुण्यतिथी, सगळ्यांत आधी ज्याच्यावर काट बसते तो. म्हणून मंडळाने पस्तीस मिनिटांत मावेल एवढंच हाती घ्यावं. हळदीचा दर्शक कागद (आम्ल की अल्कली ते रंगावरून सांगणारा) मावतो, पण त्याची तयारी आदल्या दिवशी हवी. चमचाभर हळद 50 मिलिलिटर स्पिरिटमध्ये ढवळून दहा मिनिटं ठेवायची, गाळायची, गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवायच्या. धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की पट्टी लालसर तपकिरी होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. स्पिरिट नाही म्हणून हळद पाण्यात कालवली तर फसते, कारण तिचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नुसते कण चिकटतात आणि पट्टी डागाळ निघते. हळदीला चुना किंवा खार लावून कुंकू लाल करायची जुनी रीत हीच, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

भित्तिपत्रकाचं गणित मात्र दरवर्षी चुकतं. कार्डशीट 22 बाय 28 इंचांचा. मुलं ए-फोरची सहा पानं लिहून आणतात, बसतात चारच. शीट उभा धरला तर दोन-दोनच्या दोन ओळी आणि शीर्षकाला साडेचार इंच. आडवा धरून सहा पानं दोन ओळींत लावायची म्हटली तर उंची दीड इंचाने कमी पडते. मग कुणाच्या तरी कवितेचं शेवटचं कडवं कात्रीत जातं, आणि ते बहुधा सहावीतल्या कवीचं असतं. दुसरा घात पातळ डिंकाचा. तो ओला असताना कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि संपादकीयावर सुरकुत्या पडतात. चार कोपऱ्यांना सुक्या डिंकाची कांडी फिरवली तरी पुरतं. काचेच्या फळ्याच्या किल्लीबद्दल न बोललेलं बरं.

हरित सेनेची झाडं जुलैत लागतात आणि मे महिन्यात मरतात. खड्डा फूटभर खोल असो की दोन फूट, सुट्टीत पाणी कोण घालणार हे जुलैतच ठरलेलं नसेल तर रोपाचा फोटो तेवढा उरतो.

आणि भूगोल मंडळ! नाशिक जवळजवळ वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा 20 मेच्या आसपास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ भरलेलं. शालेय भूगोलाची याहून मोठी थट्टा निसर्गाला करता आली नसती. तरी मुलांनी डिसेंबरात मैदानावर काठी रोवावी आणि सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते दर पाच मिनिटांनी खुणा करून पाहावं. ती घड्याळातल्या बाराला होत नाही. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. फरक पावणेनऊ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटं. वर्षभरात हा आकडा पंधराएक मिनिटांनी मागेपुढे होत राहतो, पण सरासरीने नाशिकचा सूर्य घड्याळाच्या एक तास मागे असतो. शाळेतला तास, अर्थात.

मंडळांची खरी झुंज फेब्रुवारीअखेर लागते. 27 तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्यांच्याच नाशकात तो उरकून टाकता येत नाही. 28 ला राष्ट्रीय विज्ञान दिन, 1928 साली रामन परिणामाचा शोध जाहीर झाला त्या तारखेचा. सभागृह एक, ध्वनिक्षेपक एक, आणि दोन्ही मंडळांना रंगीत तालीम 26 लाच हवी. पूर्वी यात मुख्याध्यापकांना निवाडा द्यावा लागे. आता दहावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते (2025 मध्ये 21 तारखेला झाली), तेव्हा शाळा परीक्षा केंद्र असेल तर सभागृहही गेलं आणि वर्गही. काव्यवाचन व्हरांड्यात हळू आवाजात होतं, प्रयोगांची टेबलं सायकल स्टँडजवळ लागतात, आणि भित्तिपत्रकावर परीक्षार्थींनी वाचण्यासारखं काही राहू नये म्हणून वर्तमानपत्र उलगडून टाचणीने लावलं जातं. तेही वाचता येतं, हे साधारण तिसऱ्या पेपरला कुणाच्या तरी लक्षात येतं.